अंगठ्यापर्यंतची रेघ

“हा साचा कुणाचा?” अप्पांनी विचारलं.

डॉक्टर टिपणीसांना प्रश्न कळला नाही. ते टेबलावरच्या मणक्याच्या मॉडेलवर पेन टेकवून अप्पांना त्यांचं दुखणं समजावत होते, आणि अप्पा चष्मा कपाळावर ढकलून त्या मॉडेलची मागची बाजू तपासत होते. अप्पा म्हणजे माझे सासरे. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखानेवाल्याच्या हातात काहीही द्या, तो आधी ते उलटं करून बघतो.

“साचा म्हणजे?” डॉक्टर म्हणाले.

“ओतलाय कुणी हा? कडेची शिवण तशीच ठेवलीय. घासली पण नाय. असा माल आमच्याकडनं गेला तर व्यापारी तोंडावर मारेल.”

“गावंड, मी तुमच्या पाठीबद्दल बोलतोय.”

“बोला की. मी ऐकतोय.”

खरं तर ते पाठ दाखवायला आलेच नव्हते. ते आले होते डाव्या पायाचा अंगठा दाखवायला. वर्षभर त्यात आग होत होती, मुंग्या येत होत्या आणि बसून उठलं की कळ यायची. त्या अंगठ्याला हळद-चुन्याचा लेप लावून झाला होता, एरंडेल चोळून झालं होतं, तांब्याची तार गुंडाळून झाली होती. कुणीतरी वाताचा विकार सांगितल्यावर तूरडाळ बंद झाली आणि घरातली बाकीची माणसंही महिनाभर मुगावर राहिली. नरेशचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, लहानपणी जेवढे लाड झाले नाहीत तेवढे त्या अंगठ्याचे झाले, असं माझ्या सासूबाई म्हणत. कंबर तर अप्पांची चाळीस वर्षं दुखत होती. पण कारखान्यात कंबर सगळ्यांचीच दुखते, त्याला आमच्याकडे आजार म्हणत नाहीत.

डॉक्टर चिकाटीचे होते. आठवड्यातून दोनदा अलिबागहून येत आणि अर्ध्या पेणच्या पाठी बघत. त्यांनी पुन्हा पेन टेकवलं.

“हा मज्जारज्जू. तो कमरेच्या थोडा वरच संपतो. त्याच्याखाली नुसता नसांचा जुडगा आहे. त्याला घोड्याचं शेपूट म्हणतात.”

“माझ्या पाठीत?”

“सगळ्यांच्याच पाठीत.”

“हिच्या पण?” अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“यांच्याही.”

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू लग्नापासूनच्या बऱ्याच गोष्टींचा त्यांना आता उलगडा होत होता. शेजारी बसलेल्या सासूबाई पदराआड हसल्या.

“आता बघा,” डॉक्टर म्हणाले, “दोन मणक्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक खिडकी असते. प्रत्येक खिडकीतून एक नस बाहेर पडते. तुमची ही खालची नस बाहेर पडतानाच चेपली गेलीय. ती पुढे बाकीच्या नसांना मिळते, मग कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं, पावलावरून थेट अंगठ्यात. दारावरची बेल असते ना? बटण इथं कमरेत दाबलं गेलंय, बेल तिथं अंगठ्यात वाजतेय.”

“म्हणजे अंगठ्याला काय नाय?”

“अंगठा निर्दोष आहे.”

अप्पा वळून सासूबाईंना म्हणाले, “ऐकलंस? वर्षभर निर्दोष माणसाला लेप लावलास.”

“मग लेपानं बरं वाटतंय असं कोण म्हणत होतं?” सासूबाई म्हणाल्या.

“आता नस चेपली कशामुळे ते दाखवतो,” डॉक्टर म्हणाले. “ही लाल गादी बघा—”

पण लाल गादी बघायची राहूनच गेली. कारण अप्पांनी तोपर्यंत मॉडेल स्टँडवरून उचललं होतं, आणि नस पक्की बसवलीय की नाही हे बघायला ती दोन बोटांत धरून हलवली होती. कट्‌ असा आवाज झाला. नस अप्पांच्या हातात आली. तिच्यापाठोपाठ खालची आणखी एक निघून टेबलाखाली गेली.

डॉक्टर एकदम हळू आवाजात म्हणाले, “राहू द्या. ठेवा खाली.”

“ठेवता कसं येईल?” अप्पा म्हणाले. “भंगलंय.”

आमच्या धंद्यात भंगलेलं पुढ्यात ठेवत नाहीत. सोंडेचा टवका उडो नाहीतर उंदराचा कान, मूर्ती त्याच घडीला उचलून आत नेतात आणि जोडून, रंगवूनच बाहेर आणतात. तो नियम डॉक्टरांच्या मणक्यालाही लागू झाला. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून मॉडेल त्यात गुंडाळलं.

“गावंड, रविवारी तुमच्याच मूर्तिकार मंडळाच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान आहे. कंबरदुखीवरच आहे. मला ते लागणार.”

“रविवारी तिथंच आणून देतो. होतं त्यापेक्षा चांगलं करून देतो.”

डॉक्टरांना तेव्हा हे वाक्य धीराचं वाटलं असावं.

निघताना त्यांनी औषधं लिहून दिली, व्यायाम दाखवले आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, ऑपरेशन बहुतेक लागणार नाही, हे हळूहळू आपणच ओसरतं. अंथरूण धरायचं नाही, थोडं थोडं चालायचं. कळ आली तर गुडघे दुमडून उताणं पडायचं. “फक्त एक गोष्ट अजिबात नको,” ते म्हणाले. “पाटावर वाकून बसणं. हा हंगाम तरी नाही.”

तिथे मात्र अप्पांचा चेहरा उतरला. मला कारण माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

कारखान्यात त्या वेळी फळ्यांवर फळ्या भरून मूर्ती उभ्या होत्या. अंग रंगवून झालं होतं, पितांबर झाले होते, दागिने झाले होते. डोळे तेवढे नव्हते. डोळ्यांची आखणी आमच्याकडे एकट्या अप्पांची. पुण्या-मुंबईचे व्यापारी मूर्ती लांबून बघून सांगत, हे गावंडांचे डोळे. आणि आमच्या घरात एक रीत आहे. डोळे काढेपर्यंत मूर्तीला माल म्हणायचं. माल सरकव, माल पुस, मालावरून उडी मार, काही हरकत नाही. डोळे काढले की तो बाप्पा. मग आवाज खाली येतो, चपला बाहेर जातात. माल कधी बाप्पा झाला हे अप्पाच ठरवत. एखादा डोळा मनासारखा उतरला नाही तर ते नुसतं म्हणत, “माल आत घ्या,” आणि ती मूर्ती पुसून पुन्हा रांगेत लागे.

अप्पांची बसायची पद्धत ठरलेली. खाली पाट, उजवा गुडघा वर, गुडघ्यावर कोपर आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली. कोपर टेकल्याशिवाय त्यांची रेघ येत नसे. डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मूर्ती टेबलावर ठेवून उभ्यानं एक डोळा काढून बघितला. भुवई मध्येच थरथरली. त्यांनी ओल्या बोळ्यानं ती पुसली आणि आमच्यापैकी कुणाकडे न बघता अंगणात फेऱ्या मारायला गेले.

“हमरापूरवरून कुणाला तरी बोलवू,” नरेश म्हणाला. “दोन चांगले आखणीवाले हायत माझ्या ओळखीचे. गाड्या यायला लागतील, अप्पा. माल असाच आंधळा ठेवायचा का?”

“बाहेरचा हात नको.”

“मग घरचा कुणाचा? माझा?”

अप्पांनी नरेशच्या हाताकडे बघितलं. नरेश ओतकामात पटाईत, पण त्याला सरळ रेघ मारायला सांगितली तर पट्टी घेऊनही वाकडी येते. हे तो स्वतःच सांगतो.

माझ्या हाताकडे कुणी बघितलं नाही. मी म्हणजे हेमांगी, माहेर महाडचं. माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स येईपर्यंत महाडातल्या निम्म्या दुकानांवर बाबांचं अक्षर होतं, आणि त्यातल्या बऱ्याच पाट्यांवर खालची अक्षरं माझी, कारण बाबा शिडीवर आणि मी जमिनीवर. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, इथे आपल्या हाताला काम आहे. पहिल्याच हंगामात मी धीर करून म्हटलं होतं, “अप्पा, मी एक डोळा काढून बघू?” अप्पांनी माझे रंगवलेले पितांबराचे काठ बघितले आणि म्हणाले, “हात चांगला हाय. पण बोर्डाचा हाय. अक्षर कुणाकडं बघत नाय.” त्यानंतर मी काठ रंगवले, बाजूबंद रंगवले, उंदीर रंगवले. चार हंगाम झाले. पुन्हा विचारलं नाही, पण रोज मनात विचारत होते. इतका राग यायचा की उंदरांचे डोळे मी मुद्दाम फार सुंदर काढायचे. ते कुणी बघत नसे.

मणक्याचं काम अप्पांनी मनावर घेतलं. डोळे काढता येत नव्हते, तर तेवढंच हाताला काहीतरी. कारखान्याच्या मधोमध चटई टाकून ते गुडघे दुमडून उताणे पडायचे, छातीवर मॉडेल उभं करायचे आणि काम करायचे. दारातून बघणाऱ्याला एक माणूस दुसऱ्याच्या सांगाड्याशी झोंबतोय असं वाटे. दूधवाला एकदा चरवी ठेवून न बोलताच निघून गेला.

तुटलेल्या नसा त्यांनी तारेला लांबी, म्हणजे पुट्टी, चढवून नव्या केल्या. मग कडेची शिवण पॉलिश पेपरनं घासली. सगळा सांगाडा पुसून त्याला हस्तिदंती रंगाचा हात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं, म्हणून सासूबाईंनीही घरात हाडं आणल्याबद्दल काही म्हटलं नाही. फक्त देवघराचं दार लावून घेतलं.

राहिल्या बारीक नसा. मॉडेलला मांडीची हाडं जोडलेली होती. कुल्ल्यापासून खाली त्या हाडांवर नसा नुसत्या पिवळ्या रेघांनी रंगवलेल्या होत्या, आणि डॉक्टरांची बोटं लागून लागून त्या पुसट झाल्या होत्या.

“हेमांगी,” अप्पा चटईवरून म्हणाले, “ब्रश घे. ही रेघ ओढ.”

मी अंबाड्यात खोवलेला ब्रश काढला. ही माझी सवय, बाबांची होती कानावर ब्रश ठेवायची, माझी अंबाड्यात. मॉडेल टेबलावर ठेवलं, डावी मूठ उजव्या मनगटाखाली घेतली आणि रेघ ओढली.

“पुस.”

“का? सरळ आलीय.”

“सरळ कुणी मागितली? वर जाड, खाली बारीक. डॉक्टर काय म्हणाला? नस निघते जाड आन पुढं फुटत फुटत बारीक होते. तुझी वर तेवढीच, खाली तेवढीच. पाटीवरचा काना झाला तो.”

पुसली. पुन्हा ओढली.

“पुस. मधे थांबलीस.”

“श्वास घेतला, अप्पा.”

“आधी घ्यायचा. रेघ एका दमात. मधे थांबलं की तिथं गाठ दिसते.”

“ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची वस्तू आहे. गाठ कोण बघणार?”

“मी बघतोय ना.”

तिसरी पुसली, चौथी पुसली. माझं डोकं तापलं. दारापुढे गाड्या येऊन उभ्या राहायची वेळ झालीय, आत इतके गणपती डोळ्यांवाचून उभे आहेत, आणि हा माणूस उताणा पडून प्लॅस्टिकच्या मांडीवरच्या नसेचा बारीकपणा तपासतोय. मी रागानं श्वास भरला, ब्रश टेकवला आणि एकदाच हात खाली आणला. वर भरलेली रेघ खाली येता येता केसाएवढी झाली आणि संपली.

मॉडेल अप्पांनी छातीवर घेतलं, उजेडाकडे वळवलं, बराच वेळ बघितलं.

“दुसऱ्या मांडीवर पण तशीच काढ,” एवढंच म्हणाले.

रविवारी मूर्तिकार मंडळाचा हॉल भरला होता. पेणचे सगळे जुने कारखानेवाले आले होते. प्रत्येकाची बसायची तऱ्हा वेगळी, कुणी उशी पाठीशी घेतलेली, कुणी खुर्चीच्या कडेवर टेकलेला, कुणी भिंतीला पाठ लावून उभाच. अप्पांना बसलं की कळ यायची, म्हणून ते शेवटच्या बाकावर आडवे झाले. मी मॉडेल उपरण्यातून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. वाटेत कुठे रंग उडाला तर लावायला पिवळ्या रंगाची बाटली माझ्या पिशवीत होती.

डॉक्टर बघतच राहिले. “अरे वा,” ते म्हणाले. “गावंड, हे तर नव्याहून नवं केलंत.”

अप्पांनी पडल्या पडल्या हात वर केला.

व्याख्यान छान रंगलं. मणके, खिडक्या, नसा, घोड्याचं शेपूट, सगळं झालं. शेपटाला हॉल हसला. बेलच्या बटणाला माना हलल्या. मग डॉक्टरांनी मॉडेल उचललं.

“आता मुख्य मुद्दा. मणक्यांच्या मधल्या या गाद्या. वाकून वाकून एखादी गादी मागे सरकते, फुगते आणि नसेवर बसते. ती कशी दिसते ते इथं मुद्दाम दाखवलेलं आहे. ही जी लाल गादी आहे...”

त्यांनी मॉडेल वळवलं. मग दुसऱ्या बाजूनं वळवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बोटानं एकेक मणका मोजला. सगळ्या गाद्या पांढऱ्या स्वच्छ, एका ओळीत, मोत्यांसारख्या.

हॉल वाट बघत होता.

“इथं एक... इथं एक फुगवटा होता,” डॉक्टर म्हणाले.

“होता,” मागून अप्पांचा आवाज आला. “मी काढला.”

सगळ्यांच्या माना वळल्या, म्हणजे ज्यांच्या वळत होत्या त्यांच्या.

“काढला?”

“साच्यातला दोष होता, डॉक्टर. ओतताना कधी कधी येतो तसा फुगा. आन बाकी सगळ्या सफेद, ती एकटीच लाल. रंगाऱ्याचा हात चुकला असणार. घासून साफ केला, सफेद रंग मारला. म्हटलं, तुमचं नाव खराब व्हायला नको.”

पहिल्या रांगेत बसलेले जुने कारखानेवाले बाळारामशेठ पोट धरून हसायला लागले, आणि हसताना त्यांच्या पाठीत उसण भरली, त्यामुळे शेजारचे आणखी हसले. डॉक्टर टिपणीस मॉडेल हातात घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग तेही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

“गावंड,” ते म्हणाले, “तो दोष मुद्दाम केलेला होता. तोच तर तुमचा आजार. तेच दाखवायचं होतं मला.”

“मुद्दाम?” अप्पा कोपरावर उठले. “चांगल्या मालात दोष मुद्दाम कोण करतं?”

“शिकवण्यासाठी करतात. आता मी काय दाखवू यांना?”

अप्पांनी विचार केला. चूक त्यांना कळली होती, आणि भंगलेलं दुरुस्त करून देणं ही जबाबदारी त्यांचीच होती.

“मला दाखवा,” ते म्हणाले. “माझ्यात हाय की तो. माझा कुणी घासला नाय.”

आणि ते सावकाश चालत स्टेजवर गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर आधी उताणे झोपले. डॉक्टरांनी त्यांचा डावा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. थोडा वर जाताच अप्पा कळवळले. “बघा,” डॉक्टर म्हणाले, “पाय उचलला, पण कळ कुठून निघाली?” “कमरेतनं,” अप्पा दात आवळून म्हणाले, “आन गेली अंगठ्यात.” हॉलमध्ये निदान दहा जणांनी आपापल्या मांडीवर हात ठेवला.

“आता नसेचा रस्ता दाखवतो. पालथे व्हा.”

अप्पा पालथे झाले. पावलं टेबलाबाहेर ठेवली. डॉक्टरांनी खिशातून स्केचपेन काढलं आणि कमरेपासून रेघ मारायला सुरुवात केली. लेंग्याच्या कापडात पेन अडखळलं, पुढे सरकलं, पुन्हा अडखळलं.

“डॉक्टर, थांबा,” टेबलावर गाल टेकलेले अप्पा म्हणाले. “तुम्ही मधे मधे थांबताय. असली नस कुठं असते? सुनेला बोलवा. मॉडेलवरच्या नसा तिनंच काढल्यात.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पेणच्या सगळ्या मूर्तिकारांसमोर स्टेजवर जायचं, आणि सासऱ्यांच्या पायावर रेघ ओढायची. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

“जा,” त्या कुजबुजल्या. “पण लेंगा नवा हाय.”

मी गेले. आधी अप्पांच्या पायाला हात लावून नमस्कार केला, त्यावर हॉल पुन्हा हसला. डॉक्टरांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर गुंडाळला आणि बोटानं हवेतच रस्ता दाखवला, कमर, कुल्ला, मांडीचा मागचा भाग, पोटरीची बाहेरची बाजू, पाऊल, अंगठा. मी अंबाड्यातला ब्रश काढला, पिशवीतली बाटली उघडली, डावी मूठ मनगटाखाली घेतली.

“दम आधी घे,” अप्पा टेबलात तोंड असतानाच म्हणाले.

घेतला. ब्रश कमरेवर टेकवला आणि निघाले. कापडावरून कातडीवर येताना मनगट जरा हलकं केलं, पोटरीच्या बाहेरून वळवलं, पावलावर आणलं, अंगठ्याच्या टोकाला नेऊन सोडलं. मग श्वास सोडला.

हॉलमधलं हसणं कधी थांबलं मला कळलं नाही. समोर बसलेली सगळी माणसं जन्मभर भुवया काढत आलेली. कमरेवर जाड निघून अंगठ्यावर केसाएवढी झालेली ती पिवळी रेघ सगळे बघत होते, आणि कंबरदुखीकडे कुणीच बघत नव्हतं.

“पोटरीच्या कडेला जरा हरवली,” अप्पा म्हणाले. “पावलावर परत लागली.”

“तीच जागा बधिर झालीय तुमची,” डॉक्टर म्हणाले. “पण रेघ तिथून बरोबर गेलीय.”

“ते माहीत हाय मला. थांबली नाय ती. थांबली असती तर कळलं असतं.”

बाळारामशेठ पाठ धरून उभे राहिले. पेणमध्ये आखणीत अप्पांच्या तोडीचा तो एकच माणूस, आणि दोघांचं आयुष्यभर वाकडं. त्यांनी जवळ येऊन रेघ खालपासून वरपर्यंत बघितली.

“गावंड,” ते म्हणाले, “हात कुणाचा हा?”

“घरचाच,” अप्पा म्हणाले.

तेवढ्यानं मला कळलं. ती चटई, तो पुन्हा पुन्हा पुसायला लावलेला रंग, उजेडाकडे वळवून बघितलेली मांडी. त्या रेघेपुरतं मणक्याशी अप्पांचं काहीच घेणं-देणं नव्हतं. मी डॉक्टरांची वस्तू रंगवतेय असं समजत होते, आणि ते माझ्या हातून भुवई काढून घेत होते. मला राग आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. पण पाया एकदा पडून झालं होतं आणि हॉल बघत होता.

त्याच दुपारी घरी आल्यावर अप्पा लेंगाही न बदलता चटईवर उताणे पडले. “पहिली मूर्ती टेबलावर घे,” ते म्हणाले. “पाट नको. मी जन्मभर वाकलो ते पुरे. तू उभ्यानं काढ.”

“कोपर कुठं टेकू?”

“कशाला टेकतेस? मूठ हाय ना तुझी. बोर्डाचीच सवय ती, उभ्यानं चालते. मला नाय जमली उभ्यानं.” मग म्हणाले, “बोर्डाचा हात म्हटलं होतं मी. चुकलो नव्हतो. पण बोर्डाचाच लागणार होता, ते तेव्हा कळलं नाय.”

मी श्वास घेतला. डावी भुवई, उजवी भुवई. वरची पापणी, खालची पापणी. बुबुळ. हात काढून घेतला. अप्पांनी चटईवरून मान तिरकी करून बघितलं. वाकता येत नव्हतं म्हणून मूर्ती त्यांच्या अंगावर झुकवायला लावली, इतकी की मला वाटलं पडणार. ते खालून तिच्या डोळ्यांत बघत राहिले. मग मान हलवून बाजूला घ्यायची खूण केली.

मी वाट बघत होते. माल आत घ्या, असं ते म्हणतील म्हणून वाट बघत होते.

नरेश नेहमीसारखा पुढे आला, फळी एका हातानं ओढत म्हणाला, “चल, माल सरकवतो. पुढचा घे.”

“माल कुणाला म्हणतोस?” अप्पा म्हणाले. “बाप्पा हायत ते. चपला काढ आधी.”

नरेशनं चपला काढल्या. मूर्ती दोन्ही हातांनी उचलून त्यानं दुसऱ्या फळीवर ठेवली. मला पुढची मूर्ती नीट दिसेना.

“डोळे पूस,” अप्पा चटईवरून म्हणाले. “रंगात पाणी पडेल.”